पाटीलकी हवी, गावकी नको

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला असा की जागतिक आरोग्य संघटना, हवामानाचा पॅरिस करार, युनेस्को यांतून बाहेर पडणारी आणि मित्रदेशांवरच आयातशुल्क लादणारी अमेरिका जगाचं नेतृत्व सोडून देते आहे का? दुसरा तुमच्या धंद्याचा: पिंपळगाव बसवंतहून मलेशिया आणि दुबईला कांदा पाठवताना बिल डॉलरमध्येच करत राहावं का? मी उभी कारकीर्द मुंबईत बँकेच्या डीलिंग रूममध्ये आणि नंतर ट्रेड फायनान्समध्ये काढली. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तरही मला दुसऱ्याच्याच वाटेने सुचतं.

थोडक्यात सांगायचं तर अमेरिका सत्ता सोडत नाहीये, त्या सत्तेसोबत येणारी जबाबदारी सोडते आहे. जुन्या गावगाड्यात पाटलाला मान होता, इनाम होतं, होळीची पहिली पोळी त्याची होती. पण गावात चोरी झाली तर माग काढणं आणि सरकारदरबारी गावासाठी उभं राहणं ही गावकीही त्याच्याच गळ्यात असे. अमेरिकेला पहिली पोळी अजून हवी आहे, माग काढायला जायचं नाही. चर्चेत ‘नेतृत्व गेलं’ म्हणणारे आणि ‘काही गेलेलं नाही’ म्हणणारे एकमेकांशी भांडतात ते बहुतेक वेळा यामुळेच. दोघं या पाटीलकीच्या वेगवेगळ्या बाजू पाहत असतात.

आधी संघटनांतून बाहेर पडण्याचं पाहू, कारण बातम्यांत तेच जास्त असतं. युनेस्कोतून अमेरिका १९८४ अखेर बाहेर पडली, २००३ ला परतली, २०१८ अखेर पुन्हा गेली, २०२३ ला पुन्हा आली आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा निघत असल्याचं तिने जाहीर केलं. पॅरिस कराराचंही तेच: २०२० मध्ये बाहेर, २०२१ मध्ये आत, २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश. जानेवारी २०२६ मध्ये एकदम ६६ संघटनांची यादी निघाली. त्यात गुरुग्रामला मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय सौर आघाडीसुद्धा होती. ही ये-जा पाहून मी फार विचलित होत नाही. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाची कल्पना अमेरिकेच्या अध्यक्षांनीच पुढे रेटली होती आणि १९१९-२० मध्ये त्यांच्याच सिनेटने त्यात जायला नकार दिला होता. म्हणजे ही खोड जुनी आहे.

अपवाद यूएसएडचा. १९६१ पासून चालत आलेली ही मदतसंस्था १ जुलै २०२५ ला स्वतंत्र संस्था म्हणून बंद झाली. त्याआधीच मार्चमध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी तिचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं सांगितलं होतं. आफ्रिकेतल्या एखाद्या दवाखान्यात औषध मिळणं बंद झालं की पुढचा अध्यक्ष सही करून ते मागच्या तारखेपासून सुरू करू शकत नाही. ही माघार खरी आहे.

याहून खोल इजा जागतिक व्यापार संघटनेत झाली आणि तिचा गाजावाजा जवळजवळ झाला नाही. तिथल्या अपील मंडळात सात सदस्य असतात, एका प्रकरणाला किमान तीन लागतात. नेमणुका सर्वसहमतीने होतात आणि अमेरिकेने ती सहमती देणंच थांबवलं. ११ डिसेंबर २०१९ पासून मंडळ ठप्प झालं, २०२० संपता संपता शेवटचा सदस्यही गेला. याची सुरुवात ट्रम्प यांनी केली असं समजू नका. २०१६ मध्ये एका सदस्याची फेरनेमणूक ओबामा सरकारने अडवली होती आणि बायडेन यांनीही पुढे काही सोडवलं नाही. आता खालच्या पातळीवर हरलेला देश अपील करतो, ते ऐकायला कुणी नसतं आणि निकाल लटकतो. आपणही हेच केलं आहे. उसाची एफआरपी (सरकारने ठरवलेला किमान दर) आणि साखर निर्यातीच्या मदतीवरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी आपल्यावर केस घातली, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला आणि त्यानंतर लगेचच आपण त्या रिकाम्या मंडळाकडे अपील करून मोकळे झालो. कोल्हापूर-सांगलीच्या कारखानदारीला ते सोयीचंच झालं. तेव्हा पंच नसण्याबद्दल गळा काढताना एवढं तरी कबूल करावं.

आता डॉलरकडे येतो. नेतृत्व सोडलंय की नाही याची परीक्षा मी इथे करतो.

तुमचा कांद्याचा कंटेनर न्हावा-शेव्याहून पोर्ट क्लांगला जातो. माल भारतातला, खरेदीदार मलेशियातला, अमेरिकेचा कशाशी संबंध नाही. पण बिल डॉलरमध्ये आहे. खरेदीदाराची बँक रिंगिट घेते आणि न्यूयॉर्कमधल्या आपल्या खात्यातून डॉलर सोडते. ते तुमच्या बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या नोस्ट्रो खात्यात जमा होतात. मग तुमची बँक तुम्हाला रुपये देते. क्वालालंपूर आणि नाशिकमध्ये खरं तर फक्त संदेश फिरतात, डॉलर न्यूयॉर्क सोडून कुठे जात नाही. आणि न्यूयॉर्कमधून गेलेल्या प्रत्येक व्यवहाराला अमेरिकेचा कायदा लागू होतो. २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुदान, इराण आणि क्युबाशी संबंधित व्यवहारांसाठी जवळजवळ ८.९ अब्ज डॉलर भरावे लागले, ते याच धाग्यामुळे. त्यानंतर आमच्याकडे कागद तपासणाऱ्या पोरांची संख्या वाढली आणि त्यांचं लक्ष मालापेक्षा जहाजाच्या नावावर जास्त राहू लागलं. हे जहाज पूर्वी इराणच्या बंदरात लागलं होतं का, मालक बदललाय का, नाव बदललंय का. कागदात एवढीशी शंका आली तरी पैसे अडकत. निर्यातदार येऊन विचारायचा, ‘साहेब, माझा माल तर हळद आहे.’ त्याला काय सांगणार?

या जाळ्यातून सुटायचे प्रयत्न झाले. २०१२ मध्ये इराणच्या तेलाचे ४५ टक्के पैसे आपण युको बँकेमार्फत रुपयांत देऊ लागलो. पण २०१९ च्या मे महिन्यात अमेरिकेने दिलेली सवलत संपली आणि आपण ते तेल घेणं थांबवलं. पुढे युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर जुलै २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रुपयात आंतरराष्ट्रीय व्यापार करण्यासाठी खास व्होस्ट्रो खात्यांची, म्हणजे परदेशी बँकांच्या आपल्या बँकांतल्या रुपया खात्यांची, सोय केली. वर्ष व्हायच्या आतच, मे २०२३ मध्ये, गोव्याला शांघाय सहकार्य संघटनेची बैठक होती. तिथे रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह यांनी स्पष्ट सांगितलं की भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठले आहेत, ते वापरायचे कसे हाच प्रश्न आहे. रशियाला आपल्याकडून घ्यायचं तेवढं काही नव्हतं, मग रुपये घेऊन करणार काय? शेवटी बऱ्याच तेलाचे पैसे संयुक्त अरब अमिरातीच्या दिरहममध्ये गेले. आणि दिरहम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने डॉलरलाच बांधलेला आहे! डॉलरला टाळायला निघालेला माणूस फिरून डॉलरच्याच ओसरीवर बसला.

जगातल्या मध्यवर्ती बँकांच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा २००० च्या सुमारास ७० टक्क्यांच्या वर होता, आता ५७-५८ टक्क्यांच्या आसपास आहे. कमी झालाय हे खरं. पण परकीय चलनाच्या दर दहा सौद्यांपैकी जवळजवळ नऊ सौद्यांत एका बाजूला अजून डॉलरच असतो. तेव्हा सत्ता गेली म्हणणाऱ्यांना मी हे आकडे दाखवतो.

मग सोडलं काय? डॉलरच्या सत्तेची एक न बोललेली अट होती. जगाला डॉलरची तहान लागेल तेव्हा अमेरिका पाणी देईल. सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ही अमेरिकी बँक बुडाली त्या आठवड्यात रात्रीपुरते डॉलर उसने देणारा परदेशी बँकेतला डीलर, ज्याच्याशी आम्ही रोज बोलायचो, तो फोनच उचलेना. पडद्यावर भाव दिसत होता, पण त्या भावाला देणारा कुणी नव्हता. संकट अमेरिकेत सुरू झालेलं आणि तरी जग अमेरिकेच्याच चलनाच्या मागे धावत होतं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, तेव्हा निवडक चौदा मध्यवर्ती बँकांना त्यांच्या चलनाच्या बदल्यात डॉलर दिले, म्हणजे स्वॅप लाइन. डिसेंबर २००८ मध्ये ही रक्कम ५८० अब्ज डॉलरपर्यंत गेली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या घबराटीत पुन्हा तेच केलं. माझ्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेने जगासाठी केलेलं सर्वांत मोठं काम हेच आहे. त्यावर कुणी भाषण दिलं नाही.

मात्र त्या चौदांच्या यादीत ब्राझील होता, मेक्सिको होता, दक्षिण कोरिया आणि सिंगापूर होते. भारत दोन्ही वेळा नव्हता. म्हणून नेतृत्वाच्या ‘सोनेरी काळाची’ आठवण काढणाऱ्यांना मी जरा आवरतो. साठच्या दशकात अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात पीएल ४८० च्या, म्हणजे अमेरिकी मदतीच्या, गव्हाची बोट सुटायला महिन्यामहिन्याला त्यांची मान्यता लागायची, आपण व्हिएतनामबद्दल काय बोलतो यावर. १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ तोडली तेव्हा त्यांचे अर्थमंत्री कॉनली युरोपीय मंत्र्यांना म्हणाले होते की डॉलर आमचं चलन आहे, पण अडचण तुमची आहे. २०१३ च्या मे महिन्यात फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बर्नान्के यांनी रोखेखरेदी आटोपती घेण्याचा नुसता उल्लेख केला आणि ऑगस्टअखेर रुपया ६८ च्या पलीकडे गेला. तेव्हाही आपलं आपणच निस्तरलं. अनिवासी भारतीयांच्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने खास सवलतीची खिडकी उघडली, तेव्हा कुठे श्वास आला.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्जेंटिनाला २० अब्ज डॉलरची स्वॅप लाइन मिळाली, पण ती फेडरल रिझर्व्हकडून नव्हती. ती अमेरिकेच्या अर्थखात्याकडून, १९३४ च्या विनिमय स्थिरीकरण निधीतून, आणि तिथल्या मध्यावधी निवडणुकीच्या तोंडावर आली. तिथले अध्यक्ष मिलेई हे ट्रम्प यांच्या मर्जीतले. मला यात खरी दिशा दिसते. पाणी अजून मिळतं, पण विहीर गावाची राहिलेली नाही. कुणाला द्यायचं ते मर्जीवर ठरतं.

याची किंमत अमेरिकेला कळू लागलीय का? एप्रिल २०२५ चे पहिले दहा दिवस आठवा. २ एप्रिलला जवळजवळ साऱ्या जगावर आयातशुल्क जाहीर झालं. शेअर कोसळले, इथपर्यंत नेहमीचं. अशा वेळी पैसा अमेरिकी सरकारी रोख्यांत पळतो, व्याजदर उतरतात, डॉलर चढतो. पहिले एक-दोन दिवस रोख्यांत तसं झालंही. मग उलटं सुरू झालं. दहा वर्षांच्या रोख्याचा दर चार टक्क्यांच्या खालून आठवड्याभरात साडेचारच्या घरात गेला आणि त्याच वेळी डॉलर युरो, येन, स्विस फ्रँक या सगळ्यांपुढे पडला. मी तेव्हा निवृत्त होतो, तरी पडद्यापासून हललो नाही. शेअर, रोखे आणि चलन एकाच वेळी विकलं जाणं ही आमच्यासारख्या देशांच्या बाबतीत ओळखीची गोष्ट आहे, १९९७ ची थायलंडची, २०१३ ची आपली. अमेरिकेच्या बाबतीत ती पाहायची सवय नव्हती. ९ एप्रिलला चीन वगळता इतरांसाठी नव्वद दिवसांची स्थगिती आली. बाँडबाजारात लोक अस्वस्थ झाले होते, असं ट्रम्प स्वतःच म्हणाले. त्यांना थांबवणारी शक्ती संयुक्त राष्ट्रसंघात नव्हती, अमेरिकी काँग्रेसमध्येही नव्हती, ती न्यूयॉर्कच्या रोखेबाजारात होती.

मात्र माणसांनी शिकायचं ते शिकून ठेवलंय. २०२२ मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले गेले. त्यातला मोठा भाग बेल्जियममध्ये, म्हणजे युरोपच्या ताब्यात होता हे इथले बरेच लेखक विसरतात. तेव्हापासून जगभरच्या मध्यवर्ती बँका जास्तच जोराने सोनं घेत आहेत. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे सुमारे ८८० टन सोनं आहे आणि इंग्लंडमधून बरंच परत आणल्यामुळे निम्म्याहून जास्त आता देशातच आहे. १९९१ मध्ये ज्या देशाने सोनं परदेशी गहाण ठेवायला पाठवलं, त्याच देशाबद्दल मी हे सांगतोय.

समुद्राचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनचे हुथी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले करू लागले. अमेरिकेने आघाडी बांधली, नौका पाठवल्या, बाँबही टाकले. तरी जहाज कंपन्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. नाशिकच्या द्राक्षवाल्यांना विचारा, रॉटरडॅमला माल पोचायला किती दिवस वाढले आणि कंटेनरचं भाडं कुठे गेलं. मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथी यांच्यात समेट झाला: एकमेकांवर हल्ले करायचे नाहीत. जुलैमध्ये हुथींनी मॅजिक सीज आणि इटर्निटी सी ही ग्रीक कंपन्यांची दोन मालवाहू जहाजं बुडवली. समेट मोडला असं कुणी म्हटलं नाही, कारण तो अमेरिकी जहाजांपुरताच होता. समुद्र सर्वांसाठी मोकळा ठेवणं हे ज्या आरमाराचं ब्रीद, त्याने आपल्यापुरता रस्ता मोकळा करून घेतला. माझ्या लेखी या एका घटनेचं वजन त्या ६६ संघटनांपेक्षा जास्त आहे.

नाटोबद्दल इतकंच: कलम पाच, म्हणजे एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा, आजवर एकदाच वापरलं गेलं, तेही ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेसाठी. जून २०२५ मध्ये हेगला सदस्यांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के संरक्षणखर्चाचं वचन दिलं. खर्च वाढवा ही तक्रार ओबामांचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २०११ मध्येच ब्रसेल्सला जाऊन केली होती. त्यामुळे पैसे मागणं म्हणजे सोडून जाणं असं मी मानत नाही. आणि इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकणारा किंवा व्हेनेझुएलाच्या अध्यक्षाला उचलून आणणारा देश घरात बसलाय असंही कुणी म्हणू नये.

आपल्याला सर्वांत जवळून भिडलं ते ऑगस्ट २०२५ चं शुल्क. आधी २५ टक्के, मग रशियन तेलापायी आणखी २५, म्हणजे २७ ऑगस्टपासून ५० टक्के. त्या तारखेच्या आधी जहाजावर चढलेला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे सोडवलेला माल सुटणार होता, म्हणून अंधेरीच्या सीप्झ या निर्यातक्षेत्रातल्या दागिनेवाल्यांचा ऑगस्ट कसा गेला ते त्यांनाच माहीत. पुढे वाटाघाटी झाल्या, आकडे बदलत राहिले. माझा आक्षेप आकड्यावर नाही. डिसेंबर २०२२ मध्ये जी-७ देशांनी रशियन तेलाला ६० डॉलरची कमाल किंमत ठरवली, ती मुळात ते तेल बाजारात येत राहावं म्हणून. पुरवठा टिकावा आणि रशियाची कमाई मात्र घटावी, अशी ती योजना होती. आपण ते घेतलं. अडीच-पावणेतीन वर्षांनी त्याच खरेदीसाठी दंड झाला, आणि त्याहून जास्त तेल घेणाऱ्या चीनला या कारणासाठी तसा दंड झाला नाही. कडक नियमाला धंदा जुळवून घेतो, पण नियमच फिरला तर काय करणार?

राहिला चीन. अमेरिकेची रिकामी जागा तो घेईल का? मला तसं दिसत नाही. जगाचं चलन व्हायचं तर आपलं चलन बाहेर वाहू द्यावं लागतं, म्हणजे एक तर तूट सोसायची किंवा भांडवलाची दारं उघडायची. चीनची व्यापारी वरकड (आयातीपेक्षा जास्तीची निर्यात) २०२४ मध्ये लाख कोटी डॉलरच्या उंबरठ्यावर होती आणि भांडवलावरचं नियंत्रण सोडायला तो तयार नाही. जगाच्या गंगाजळीत युआनचा वाटा जेमतेम दोन टक्के आहे. चीनला जगाला विकायचंय, जगाकडून घ्यायचं नाही. म्हणजे या बाबतीत त्यालाही गावकी नकोच आहे.

त्यामुळे पुढचा काळ तुकड्यातुकड्यांच्या व्यवस्थेचा. अमेरिका २०१७ मध्ये प्रशांत महासागरी देशांच्या व्यापार करारातून निघून गेल्यावर जपानने बाकीच्यांना घेऊन तो २०१८ मध्ये पूर्ण केलाच. व्यापार संघटनेचं अपील मंडळ बंद पडल्यावर युरोप, चीन आणि इतर काहींनी आपापसात पर्यायी अपील व्यवस्था उभी केली, आपण त्यात नाही. ब्रिटनशी आपला करार जुलै २०२५ मध्ये झाला, युरोपीय संघाशी वर्षानुवर्षं रखडलेल्या वाटाघाटी जानेवारी २०२६ मध्ये पूर्ण झाल्या. ट्रम्प यांनी शुल्काचा बडगा उगारला नसता तर युरोपबरोबरची गाडी इतक्या लवकर हलली असती असं मला वाटत नाही.

आता तुमचा कांदा. मलेशियाशी रुपयात व्यवहाराची सोय एप्रिल २०२३ पासून आहे, अमिरातीशी रुपया-दिरहमची जुलै २०२३ पासून. बँकेत विचारलंत तर ‘हो, करता येतं’ म्हणतील. पण क्वालालंपूरचा व्यापारी रुपये कुठून आणणार आणि कोणत्या भावाने, हे त्याला विचारा. तो त्याचा खर्च तुमच्या कांद्याच्या दरातूनच कापेल. म्हणून मलेशियाचं बिल डॉलरमध्येच ठेवा. मात्र भाव ठरला त्याच दिवशी निदान निम्म्या रकमेचं फॉरवर्ड कव्हर घ्या, म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा दर बँकेशी आजच बांधून टाका. रुपया पडतोच आहे, आणखी पडेल, मग विकू, हा खेळ कांद्याच्या नफ्यावर खेळू नका. पॅकिंग, भाडं यांचे काही पैसे डॉलरमध्येच द्यावे लागत असतील तर तेवढे डॉलर ईईएफसी, म्हणजे निर्यातदाराच्या परकीय चलनाच्या, खात्यात ठेवता येतात. दुबईचा खरेदीदार दिरहम देतो म्हणाला तर घ्या, दर डॉलरला बांधलेला असल्याने तुमची जोखीम तीच राहते आणि न्यूयॉर्कचा फेरा वाचला तर पैसे लवकर येतील. माल चढवायच्या आधी जहाजाचं नाव बँकेला कळवून ठेवा. माल पोचल्यावर पैसे अडकले तर तोवर कांद्याला कोंब फुटलेले असतात.